पुराआधीचे चित्र : उपग्रह आणि आपत्तीची पूर्वतयारी

उपग्रह आणि नैसर्गिक आपत्ती या विषयावर वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांत कुतूहल आहे, तशी नाराजीही आहे. आणि ती नाराजी मला अधिक मोलाची वाटली, कारण तिच्या मुळाशी एक सरळ प्रश्न आहे : वरून इतके सगळे दिसत असताना खालच्या माणसाला वेळेत का कळत नाही? त्या प्रश्नाकडे पुढे येऊच. उपग्रहाला नेमके काय दिसते, ते आधी पाहू.

प्रश्न : पूर येतो तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते. मग उपग्रहाला खालचे पाणी दिसते कसे? आणि पाणी पसरल्यानंतर चित्र मिळाले, तर त्याचा पूर्वतयारीला काय उपयोग?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग लवकर सुटतो, दुसऱ्याला थोडा वेळ द्यावा लागेल. लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ यांसारखे उपग्रह जमिनीवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशात प्रतिमा घेतात, त्यामुळे ढग आडवा आला की त्यांना ढगाचा माथाच दिसतो. रडार उपग्रहाचे तसे नसते. तो स्वतःच सूक्ष्मलहरी खाली सोडतो आणि परत आलेला प्रतिसाद नोंदवतो. युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या लहरींची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे. ढगातले जलकण तिच्या तुलनेत इतके बारीक असतात की या लहरी ढगातून जवळजवळ निर्वेध पार होतात. रात्र असली तरी त्यांना फरक पडत नाही.

ही प्रतिमा वाचायला मात्र शिकावे लागते. रडार तिरपे पाहते. संथ पाण्यावर लहर पडली की ती आरशावरच्या उजेडासारखी पुढच्या पुढे निघून जाते, उपग्रहाकडे जवळजवळ काहीच परतत नाही, आणि तेवढा भाग प्रतिमेत काळाभोर उमटतो. शेते, झाडे आणि खडबडीत जमीन लहरींना चोहीकडे विखुरतात. त्यांतल्या थोड्या परत येतात, म्हणून ती राखाडी दिसतात. आता पाण्यात उभ्या असलेल्या घरांचे पाहा. लहर आधी पाण्यावर आपटते, तिथून भिंतीवर जाते आणि भिंतीवरून थेट उपग्रहाकडे परतते. त्यामुळे पाण्याने वेढलेली वस्ती काळी न दिसता बऱ्याचदा नेहमीपेक्षा अधिक पांढरी चमकते. नवखा अभ्यासक काळ्या भागाभोवती रेघ ओढतो आणि जिथे माणसे अडकलेली आहेत नेमकी तीच जागा रेघेबाहेर राहते. उलट विमानतळाची धावपट्टी, कोरडी वाळू आणि डोंगराआड पडलेली रडारची सावली हेही काळेच दिसते. यावर उपाय म्हणजे त्याच कक्षेतून, त्याच कोनातून पुराआधी घेतलेली प्रतिमा शेजारी ठेवणे. जे आधीही काळे होते तो पूर नव्हे. जे आधी राखाडी होते आणि आज काळे किंवा लख्ख पांढरे झाले आहे, तिथे पाणी शिरले असण्याची शक्यता मोठी.

इथेच आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते. पुराच्या नकाशाचा अर्धा भाग पुराच्या आधीच तयार असावा लागतो. अमेरिकेचा पहिला लँडसॅट १९७२ साली अवकाशात गेला आणि तेव्हापासून ही मालिका अखंड चालू आहे. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने १९८४ ते २०१५ या काळातल्या सुमारे ३० लाख लँडसॅट प्रतिमा संगणकाकडून तपासून घेतल्या आणि पृथ्वीवर कुठे पाणी कायम असते, कुठे ते हंगामी येते आणि कुठे ते नव्याने आले किंवा नाहीसे झाले, हे ३० मीटरच्या चौकटींत मांडले. रुग्णालय, शाळा, वीज उपकेंद्र किंवा निवारा कुठे बांधावा, याचा निर्णय घेणाऱ्याने असा नकाशा आधी पाहिला, तर पुढच्या कित्येक बचावमोहिमांची गरजच उरणार नाही. माझ्या मते उपग्रहांचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे, आणि सर्वांत कमी वापरला जाणाराही हाच आहे, कारण त्यात धावपळ नसते आणि बातमी होण्यासारखे काही नसते.

मात्र एक सावधगिरी हवी. एक लँडसॅट एकाच जागेवर १६ दिवसांनी परत येतो आणि त्या दिवशी ढग असले तर ती फेरी वाया जाते. दोन दिवसांत ओसरलेला पूर त्या नोंदीत कदाचित नसेलच. म्हणून जुन्या नकाशात पाणी दिसले तर त्यावर विश्वास ठेवावा. पाणी दिसले नाही एवढ्यावरून जागा सुरक्षित ठरवू नये. उंचीच्या नकाशांबाबतही असेच भान ठेवावे लागते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली आणि ती माहिती आजही पुराच्या गणितात वापरली जाते. पण त्या रडारला अनेक ठिकाणी जमीन दिसण्याऐवजी झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरे दिसली. सपाट किनारपट्टीवर अशी काही मीटरची चूक म्हणजे बुडणारी जमीन कागदावर कोरडी ठरणे होय.

प्रश्न : चक्रीवादळाची सूचना काही दिवस आधी मिळते. मग भूकंपाची का मिळत नाही? उपग्रहांनी भूकंप आधी ओळखल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात.

उत्तर : त्या बातम्यांवर विसंबू नये. भूकंपाची तारीख, वेळ आणि तीव्रता आधी सांगणारी कोणतीही पद्धत आज विज्ञानाकडे नाही, उपग्रहाकडेही नाही. चक्रीवादळ समुद्रावर, कॅमेऱ्यासमोर जन्म घेते. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचे भूस्थिर उपग्रह काही मिनिटांच्या अंतराने त्याची प्रतिमा घेत राहतात. ढगांच्या सर्पिलाकृती मांडणीवरून त्याची तीव्रता ठरवण्याची पद्धत व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात घालून दिली आणि ती अजून जगभर वापरात आहे. भूकंपाची घडामोड मात्र कित्येक किलोमीटर खोल खडकात होते आणि तिथे कोणताही कॅमेरा पोहोचत नाही.

तरीही उपग्रह एक मोलाची गोष्ट करतो. एकाच जागेच्या दोन रडार प्रतिमा वेगवेगळ्या तारखांना घेऊन त्यांतल्या लहरींच्या कलांची, म्हणजे परतताना लहर चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर होती त्या नोंदींची, वजाबाकी केली, की मधल्या काळात जमीन उपग्रहाच्या जवळ सरकली की दूर गेली, हे कळते. कॅलिफोर्नियातल्या लँडर्स येथे २८ जून १९९२ रोजी ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या प्रतिमांवरून असे चित्र काढण्यात आले आणि ते १९९३ साली प्रसिद्ध झाले. भेगेच्या दोन्ही बाजूंना रंगांची वलये एकाआड एक पसरलेली त्यात दिसतात. प्रत्येक वलय म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीइतके, सुमारे २.८ सेंटिमीटर सरकणे. वलये मोजत गेले की जमीन कुठे किती हलली याचा हिशेब हाती येतो, आणि तोही जिथे एकही उपकरण बसवलेले नाही अशा ओसाड प्रदेशाचा. याच पद्धतीने भूकंप झालेला नसतानाच्या वर्षांतही भेगेवर ताण कुठे साठत आहे, हे मिलिमीटरच्या हिशेबात मोजता येते. कोणत्या भागातल्या इमारती आधी मजबूत कराव्यात हे त्यावरून ठरवता येते. ‘कुठे’ याचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते, ‘केव्हा’ याचे मिळत नाही. आणि घर बांधणाऱ्याला ‘कुठे’ एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

ज्वालामुखीबाबत परिस्थिती काहीशी बरी आहे. शिलारस वर सरकू लागला की जमीन फुगते आणि ते मोजता येते. आइसलँडमधले ग्रिंडाविक हे गाव १० नोव्हेंबर २०२३ रोजी रिकामे करण्यात आले. भूकंपमापक, जमिनीवरची जीपीएस केंद्रे आणि रडार उपग्रह या तिन्हींच्या नोंदी एकच सांगत होत्या : गावाखाली शिलारसाची भिंत घुसत आहे. उद्रेक १८ डिसेंबरला झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये लाव्हा गावाच्या कडेला येऊन काही घरे गिळंकृत करून गेला. घरांत तेव्हा माणसे नव्हती. अर्थात जमीन फुगली म्हणजे उद्रेक होणारच असे नाही. कधी शिलारस आतच थिजतो. लोकांना हेही आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर एकदा उद्रेक झाला नाही की पुढच्या सूचनेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : डोंगरउतारावरची दरड कोसळण्याआधी ती सरकत असल्याचे उपग्रहाला कळू शकते का?

उत्तर : काही दरडींचे कळू शकते, सगळ्यांचे नाही, आणि हा फरक नीट समजून घेतला नाही तर खोटा दिलासा मिळतो.

काही उतार कोसळण्याआधी वर्षानुवर्षे हळूहळू घसरत असतात. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात ७ फेब्रुवारी २०२१ रोजी रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ सुटून खालच्या दरीत आले. तपोवन आणि ऋषिगंगा येथील जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि २०० हून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. नंतर संशोधकांनी त्या शिखराच्या जुन्या उपग्रह प्रतिमा काढून पाहिल्या, तेव्हा जो भाग कोसळला त्याच्या माथ्यावरची भेग आधीची काही वर्षे रुंदावत गेलेली त्यांत स्पष्ट दिसली. ती नोंद झाली होती, साठवली गेली होती. पाहिली मात्र गेली नव्हती. हिमालयात असे हजारो उतार आहेत आणि प्रत्येकाकडे रोज पाहणारा माणूस कोठून आणावा, हा प्रश्नही खराच आहे. संगणकाने रोजच्या प्रतिमांची तुलना करून बदललेल्या जागा पुढे कराव्यात आणि मग माणसाने त्या तपासाव्यात, या दिशेने आता काम चालू आहे.

रडारच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रडार उपग्रह आपल्या दृष्टिरेषेतले सरकणे मोजतो. ध्रुवीय कक्षेतले हे उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण जातात आणि बाजूला पाहतात, त्यामुळे पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे घसरणारा उतार त्यांना चांगला कळतो. थेट उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे घसरणारा जवळजवळ कळत नाही. दाट झाडी असेल तर पाने हलतात, वाढतात, गळतात आणि दोन प्रतिमांतला मेळ तुटतो. लांब लहर पानांमधून अधिक खोल जाते, म्हणून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार या उपग्रहाकडून अपेक्षा मोठी आहे. त्यावर नासाचे सुमारे २४ सेंटिमीटर लहरीचे आणि इस्रोचे सुमारे १० सेंटिमीटर लहरीचे अशी दोन रडारे आहेत आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो.

परंतु अतिवृष्टीत मातीचा थर पाण्याने जड होऊन काही मिनिटांत खाली येतो, त्या दरडीआधी असे हळूहळू सरकणे बऱ्याचदा नसतेच. तिथे उपग्रहाचे काम वेगळे आहे. प्रत्येक मोठ्या पावसानंतर हिरव्या उतारांवर तपकिरी ओरखडे उठतात आणि सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या प्रतिमेत ते लांबट व्रणांसारखे दिसतात. एक-दोन पावसाळ्यांत त्यांवर गवत-झुडपे उगवतात आणि खालून पाहणाऱ्याला तो उतार पुन्हा निर्धोक वाटू लागतो. जुन्या प्रतिमेत तो व्रण तसाच राहतो. अशा व्रणांची यादी, उताराचा कोन, मातीचा प्रकार आणि रस्त्यासाठी डोंगर कुठे कापला आहे ही माहिती एकत्र केली की धोक्याचा नकाशा तयार होतो. अमुक प्रमाणात पाऊस झाला की अमुक वस्ती हलवायची, हा नियम त्याच्या आधारे पावसाळ्याआधी लिहून ठेवता येतो.

प्रश्न : दुष्काळाचे काय? तो तर हळूहळू येतो.

उत्तर : म्हणूनच तो उपग्रहांना सर्वांत चांगला दिसतो. पाऊस किती पडला, वनस्पतींचा हिरवेपणा दरवर्षीच्या मानाने किती कमी आहे, मातीच्या वरच्या सुमारे ५ सेंटिमीटर थरात ओल किती आहे, हे सारे नियमित मोजले जाते. ग्रेस नावाचे जुळे उपग्रह २००२ पासून २०१७ पर्यंत एकमेकांपासून सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत होते. त्या अंतरातल्या सूक्ष्म बदलांवरून गुरुत्वाकर्षणातला, आणि त्यावरून भूजलातला फरक काढला जाई. २०१८ पासून त्यांचे वारसदार ते काम करतात. पण ही मोजणी शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यांची असते. एका विहिरीला पाणी लागेल का, हे त्यातून कळत नाही.

प्रश्न : या प्रतिमा मिळवायला खर्च किती येतो? सामान्य माणसाला त्या पाहता येतात का?

उत्तर : लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून सर्वांना विनामूल्य आहेत आणि युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातल्या सेंटिनेल उपग्रहांच्या प्रतिमाही विनामूल्य आहेत. भारतात राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ आहे. आपत्ती येऊन पडल्यावर ‘अवकाश आणि मोठ्या आपत्ती’ या नावाचा आंतरराष्ट्रीय करार कामी येतो; तो नोव्हेंबर २००० पासून अमलात आहे, इस्रोही त्यात सहभागी आहे आणि विनंती येताच सदस्य संस्था आपल्या उपग्रहांच्या प्रतिमा मोफत देतात. हा करार प्रामुख्याने मदतकार्यासाठी आहे. पूर्वतयारीची मागणी ज्याची त्याने आधीच करायची असते.

प्रश्न : इतके उपग्रह असूनही माणसे का मरतात? स्पष्ट उत्तर द्यावे.

उत्तर : स्पष्टच देतो. बऱ्याच वेळा उपग्रहाने पाहिलेले असते. पाहिलेले पुढे पोहोचत नाही, किंवा पोहोचते आणि त्यावर काय करायचे हे ठरलेले नसते.

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर भोला चक्रीवादळ आदळले. अमेरिकी हवामान उपग्रहाने ते वादळ बंगालच्या उपसागरात टिपले होते. पण सखल बेटांवरच्या माणसांना किती उंच लाट येत आहे आणि कुठे जायचे, हे सांगणारी यंत्रणा नव्हती, आणि जायला उंच निवाराही नव्हता. किमान तीन लाख माणसे मेली, असे मानले जाते. स्वतंत्र बांगलादेशाने १९७२ पासून स्वयंसेवकांची साखळी उभी केली. ध्वनिक्षेपक आणि निशाण घेऊन ते वस्त्यांमधून फिरू लागले आणि हळूहळू किनाऱ्यावर निवारे बांधले गेले. मे २०२० मध्ये अम्फान हे अतितीव्र चक्रीवादळ आले, तेव्हा त्या देशात २० लाखांहून अधिक लोक आधीच हलवण्यात आले होते आणि मृतांची संख्या दोन आकडी राहिली. या पन्नास वर्षांत उपग्रह कितीतरी सुधारले हे खरे. पण उपग्रहाच्या चित्रापासून झोपडीच्या दारापर्यंतची वाट बांधली गेली, याला मी अधिक श्रेय देतो.

याच्या उलट उदाहरण सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवराचे आहे. हिमनदी वितळून वाढत गेलेले हे सरोवर धोकादायक असल्याचे अभ्यासक उपग्रह प्रतिमांच्या आधारे कित्येक वर्षे सांगत होते. २८ सप्टेंबर २०२३ च्या प्रतिमेत त्याचे क्षेत्र सुमारे १६७ हेक्टर होते. ४ ऑक्टोबरच्या प्रतिमेत सुमारे ६० हेक्टर उरले होते. मधल्या काळात, ३ ऑक्टोबरच्या रात्री, सरोवरातून कमी झालेले पाणी तिस्तेच्या खोऱ्यात उतरले होते आणि चुंगथांगचे धरण वाहून गेले होते. ते दोन आकडे शेजारी शेजारी पाहताना मला आजही अस्वस्थ व्हायला होते. मोजमाप अचूक होते. सरोवराच्या काठापासून खालच्या गावापर्यंत वाजणारा भोंगा मात्र वेळेत उभा राहिला नाही.

आता पूर्वतयारीच्या पैशाबाबतही विचार बदलतो आहे. जुलै २०२० मध्ये बांगलादेशात यमुना नदीला, म्हणजे तिथल्या ब्रह्मपुत्रेला, मोठा पूर येणार असा अंदाज मिळताच संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पैसे सोडण्यात आले आणि पाणी कमाल पातळीला पोहोचण्याआधीच कुटुंबांपर्यंत मदत पोहोचू लागली. अंदाज अमुक पातळी ओलांडेल तेव्हा अमुक रक्कम निघेल, हे आधी लिहून ठेवलेले होते, म्हणून ऐनवेळी कोणाच्या सहीची वाट पाहावी लागली नाही.

प्रश्न : आमची एक छोटी स्थानिक समिती आहे. तांत्रिक ज्ञान कोणालाच नाही. आम्ही कुठून सुरुवात करावी?

उत्तर : जुन्या माणसांपासून. पाणी कोणत्या वर्षी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, कोणता उतार पूर्वी खचला होता, हे त्यांना विचारून एका साध्या नकाशावर तारखेसह लिहून काढावे. मग जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाकडे त्या तारखांच्या आसपासच्या उपग्रह प्रतिमा मागाव्यात आणि दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून पाहावेत. जिथे दोन्ही जुळतात तिथे काम लगेच सुरू करता येईल. जिथे माणसे पाणी आले होते म्हणतात आणि प्रतिमेत ते दिसत नाही, तिथे प्रतिमेची तारीख आणि वेळ आधी पाहावी. उपग्रह वरून गेला तेव्हा पूर आलेला नसेल किंवा ओसरून गेला असेल. जिथे प्रतिमेत पाणी दिसते आणि कोणालाच आठवत नाही, तिथे प्रत्यक्ष जाऊन जमिनीची पातळी आणि ओढ्याचा जुना मार्ग तपासावा. कोणताही नकाशा हाती आला तर त्यावरची तारीख वाचल्याशिवाय तो वापरू नये. तारीख नसेल तर तो परत पाठवून तारखेसह मागावा. हे सारे कोरड्या ऋतूत करावे, कारण तेव्हा आकाश मोकळे असते, प्रतिमा स्वच्छ मिळतात आणि उताराच्या पायथ्याशी उभे राहून वर बघायला माणसांना सवड असते.